भवानी तलवार : एक प्रतीक

बेळगावच्या शिवजयंती मिरवणुकीतील चित्ररथांवर भवानीमाता शिवरायांच्या हाती तलवार देत असल्याचे दृश्य आपण पाहतो. शिवकालीन कवी परमानंदाच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यातील प्रसंग मात्र थोडा निराळा आहे. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी (१६५९) देवी प्रकट होते व आपण शिवरायांच्या तलवारीतच वास करीत असल्याचे सांगते. हा फरक अर्थपूर्ण होय. दान मिळालेली वस्तू आपल्या मालकीची होते. परंतु जिच्यात देवता वसते ती तलवार अन्यायासाठी उपसता येत नाही.

युरोपातील वीरकथांतही असाच संकेत आढळतो. टॉमस मॅलरीच्या १४८५ साली छापल्या गेलेल्या ग्रंथात आर्थर राजाला ‘एक्सकॅलिबर’ तलवार सरोवरातील देवीकडून मिळते. मृत्यू समीप येताच ती पाण्याला परत करावी लागते. राजसत्ता ही ठेव आहे, असेच कथाकाराने सुचविले आहे.

१८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजांना कोल्हापूरकडून भेट मिळालेली तलवार ब्रिटिश राजसंग्रहात आहे. खरी भवानी तलवार कोणती, हा वाद संशोधकांनी कागदपत्रांच्या आधारे सोडवावा. ती धरणाऱ्या हातावर कोणती जबाबदारी येते, हा प्रश्न मात्र आपणा सर्वांचा आहे.