यंत्र आले, बोलणी राहिली



लंडनच्या फ्लीट स्ट्रीटवर वर्तमानपत्राचा मजकूर जुळवणे हे मोठे कसब होते. शिशाच्या ओळी ओतणाऱ्या जुळाऱ्यांची युनियन एवढी जबर, की कामावर कोणाला घ्यायचे हेही बहुतेक तीच ठरवी. पुढे संगणक आला. बातमीदार स्वतःच मजकूर भरू शकतो म्हटल्यावर जुळाऱ्याने करायचे काय?

या वादात ‘टाइम्स’ डिसेंबर १९७८ पासून जवळजवळ वर्षभर बंद पडला. पुन्हा निघाला, पण मूळ दुखणे तसेच राहिले. नंतरचे मालक रूपर्ट मरडॉक यांनी वॉपिंगला नवा छापखाना गुपचूप सज्ज केला. २४ जानेवारी १९८६ रोजी संप झाला. सुमारे ५,५०० कामगार बडतर्फ झाले. अंक मात्र निघतच राहिले. वर्षभर दारात धरणे धरून फेब्रुवारी १९८७ मध्ये संप मिटला, गेलेल्या नोकऱ्या काही परत आल्या नाहीत.

आम्हांस यातून एवढेच दिसते : यंत्र कोणाच्या अडवण्याने अडत नाही, अन् कामगाराला अंधारात ठेवून आणले तर त्याचे घर मोडते. आपण सभासद म्हणजे कारखान्याचे मालकच. तेव्हा नव्या यंत्राचा ठराव सभेपुढे आला, की दराबरोबर एवढेही विचारा, ‘कामगारांशी बोललात का?’