काटोलला ड्रोन नेण्यापूर्वी

रामदासपेठ, नागपूर
20 डिसेंबर

चि. सई,


संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू आहे आणि तुला काटोलची बाग सूर्योदयाला ड्रोनमधून टिपायची आहे, असं ताई म्हणाली. बेत झकास; वेळ मात्र बॅटरीच्या जिवावर उठणारी निवडलीस. तू हसशील, की नागपूरकर कसली थंडी सांगतो! अगं, 29 डिसेंबर 2018 ला इथं पारा 3.5 अंशांवर आला होता, आणि उघड्या शेतात पहाटे शहरापेक्षा गारठा जास्तच. तुझ्या डीजेआय मिनी 2 ला शून्याच्या खाली उडवायचंच नाही, पण त्याच्या जरा वर असलं म्हणजे सगळं आलबेल असंही नाही.

गारठ्यात लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि आतला रोध वाढतो. चार्ज असतो, पण मोटरींनी तो एकदम ओढला की व्होल्टेज कोसळतं. मग पडद्यावर बरेच टक्के दिसत असतानाही ड्रोन स्वतःहून खाली यायला लागतो, आणि खाली विहीर आहे की कुंपण, ते तो बघत नाही. म्हणून टक्क्यांवर भिस्त ठेवू नकोस. ॲपमध्ये सेलचं व्होल्टेज दिसतं. पूर्ण भरलेला सेल 4.4 व्होल्टचा असतो, तो 3.6 च्या आसपास आला की मुकाट्यानं परत फिर. मी तर हिवाळ्यात 40 टक्क्यांनाच उतरवतो. लोक भित्रा म्हणतात, म्हणोत.

बॅटऱ्या रात्री गाडीत ठेवू नकोस. सकाळी स्वेटरच्या आत, अंगाच्या उबेत ने. शेकोटीजवळ मुळीच नको. उडवल्यावर मिनिटभर डोक्याच्या उंचीवर तरंगू दे, स्वतःच्या कामानं बॅटरी तापते. स्पोर्ट मोडला हात लावायचा नाही. फोनही गारठतो, उडवेपर्यंत तो खिशात ठेव.

धुकं असेल तर उडवूच नकोस, पाणी मोटरींत आणि कॅमेऱ्यात शिरतं. दवानं भिजलेल्या गवतावरही ठेवू नको, ताडपत्री ने. घरी आल्यावर बॅग लगेच उघडलीस तर गार काचेवर बाष्प धरेल. तासभर बंदच राहू दे. चार्जिंगही त्यानंतरच. गार सेलमध्ये करंट सोडला की आत धातुरूप लिथियम साचतं आणि बॅटरीची क्षमता कायमची घटते.

आणि सराव म्हणून आमच्या गच्चीवरून उडवायचं मनात असेल तर ते काढून टाक. ड्रोन नियम 2021 प्रमाणे विमानतळाच्या हद्दीपासून 8 किलोमीटरच्या आत ग्रीन झोन नाही, आणि सोनेगावचा विमानतळ इथून कितीसा दूर! परवानगीशिवाय नाही म्हणजे नाही. शिवाय संक्रांत जवळ आली, बंदी असूनही नायलॉन मांजा सर्रास दिसतो. तो पंख्यात अडकला की ड्रोन सरळ कुणाच्या तरी डोक्यावर.

काटोलचाही नकाशा डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावर आदल्या रात्री बघून घे. ताडपत्री आमच्याकडे आहे, रविवारी येऊन घेऊन जा.

तुझा,
मामा