घटक ४ : आलेखाचे अक्ष आणि त्यांवरील अंकने

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला
• प्रवर्ग-अक्ष आणि मूल्य-अक्ष यांतील भेद उदाहरणासह स्पष्ट करता येईल.
• स्प्रेडशीटमधील आलेखाच्या अक्षांना योग्य अंकने, शीर्षक आणि एकक देता येईल.
• सदोष अक्षामुळे आकडेवारीचा अर्थ कसा बदलतो, हे सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

मराठीतून विज्ञानविषयक लेख, अहवाल किंवा वृत्त लिहिताना आकडेवारीचा आलेख अनेकदा आपल्यालाच तयार करावा लागतो. आलेखातील रेषा एक विधान करीत असते. ते विधान कशाविषयी आहे, कोणत्या एककात आहे आणि किती काळाचे आहे, हे वाचकाला अक्षांवरून कळते. संगणक काही क्षणांत आलेख काढून देतो. परंतु त्याने आपणहून निवडलेला अक्ष आपल्या आकडेवारीला योग्य असेलच असे नाही. प्रस्तुत घटकात एका प्रसिद्ध उदाहरणाच्या आधारे आपण याचा विचार करणार आहोत.

४.३ विषय विवेचन

४.३.१ उदाहरणाची आकडेवारी

हवाई बेटावरील मौना लोआ या ज्वालामुखीच्या उतारावर, सुमारे ३,४०० मीटर उंचीवर, एक वेधशाळा आहे. चार्ल्स डेव्हिड कीलिंग या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये तेथे हवेतील कार्बन डायऑक्साइडचे नियमित मापन सुरू केले. या नोंदींतून तयार झालेला आलेख ‘कीलिंग वक्र’ या नावाने ओळखला जातो. त्यातील पाच वर्षांची वार्षिक सरासरी, जवळच्या पूर्णांकात, पुढीलप्रमाणे आहे. एकक पीपीएम, म्हणजे हवेच्या दर दहा लाख भागांतील भाग, हे आहे.

१९६० – ३१७
१९८० – ३३९
२००० – ३७०
२०१० – ३९०
२०२० – ४१४

येथे पहिल्या तीन नोंदींमध्ये वीस-वीस वर्षांचे अंतर आहे, तर पुढील नोंदींमध्ये दहा-दहा वर्षांचे. ही बाब लक्षात ठेवा.

४.३.२ प्रवर्ग-अक्ष आणि मूल्य-अक्ष

एक्सेलमध्ये ही आकडेवारी निवडून ‘लाइन’ प्रकारचा आलेख काढला, तर पुष्कळदा वर्षांचीही एक स्वतंत्र रेषा उमटते. ती काढून टाकून वर्षे आडव्या अक्षावर घेतली, की आलेख ठीक दिसू लागतो. खरी चूक मात्र तशीच राहते. ‘लाइन’ आलेखाचा आडवा अक्ष साधारणतः प्रवर्ग-अक्ष असतो. त्यावरील १९६०, १९८० ही अंकने म्हणजे केवळ नावे असतात. ‘कापूस’, ‘ज्वारी’, ‘ऊस’ अशी नावे समान अंतरावर लिहावीत, तशी ती लिहिली जातात. त्यामुळे वीस वर्षे आणि दहा वर्षे यांना सारखीच जागा मिळते.

परिणाम काय होतो ते पाहा. लागोपाठच्या नोंदींमधील वाढ अनुक्रमे २२, ३१, २० आणि २४ आहे. समान अंतरावर मांडल्यास २००० नंतर रेषेचा चढ कमी झालेला दिसतो. वाचक म्हणेल, वाढीचा वेग मंदावला. आता तीच वाढ वर्षांच्या संख्येने भागा. दरवर्षीची सरासरी वाढ अनुक्रमे १.१, १.५५, २.० आणि २.४ पीपीएम येते. म्हणजे वेग सतत वाढत गेला आहे. एकही आकडा चुकलेला नसताना आलेखाने उलट अर्थ सांगितला.

यावर उपाय म्हणजे ‘स्कॅटर’ प्रकारचा आलेख. त्याचे दोन्ही अक्ष मूल्य-अक्ष असतात आणि प्रत्येक बिंदू त्याच्या संख्येनुसार योग्य अंतरावर बसतो. वर्षे मजकूर म्हणून साठवली गेली असतील, तर मात्र येथेही १, २, ३ अशी अंकने येतात. म्हणून वर्षांचा स्तंभ संख्यारूप आहे, याची खात्री करावी.

४.३.३ अंकनांची मांडणी

आडव्या अक्षावर उजवी कळ दाबून ‘फॉरमॅट अ‍ॅक्सिस’ निवडा. ‘मिनिमम’ येथे १९६०, ‘मॅक्सिमम’ येथे २०२० आणि ‘मेजर युनिट’ येथे १० लिहा. अंकनांत ‘१,९६०’ असा स्वल्पविराम येत असल्यास ‘नंबर’ विभागात ‘जनरल’ हा प्रकार निवडा. वर्ष ही मोजदाद नव्हे.

उभा अक्ष शून्यापासून सुरू करावा का, हा प्रश्न विचारपूर्वक सोडवावा लागतो. स्तंभालेखात उंची हेच मूल्य असल्याने शून्य आवश्यक असते. रेषा किंवा बिंदू यांच्या आलेखात ते बंधन नाही. ३०० ते ४२० असा अक्ष घेतल्यास बदल स्पष्ट दिसतो. परंतु प्रमाण कित्येक पटींनी वाढल्याचा भासही होऊ शकतो. प्रत्यक्षात ही वाढ सुमारे ३१ टक्के आहे. म्हणून अक्ष ३०० पासून सुरू होतो, हे आलेखाखाली नमूद करावे.

४.३.४ शीर्षक आणि एकक

‘चार्ट डिझाइन’मधील ‘अ‍ॅड चार्ट एलिमेंट’ आणि त्यातील ‘अ‍ॅक्सिस टायटल्स’ या मार्गाने शीर्षके जोडता येतात. उभ्या अक्षाला ‘कार्बन डायऑक्साइड’ एवढेच शीर्षक अपुरे आहे. ‘हवेतील कार्बन डायऑक्साइड, वार्षिक सरासरी (पीपीएम)’ असे लिहावे. एकक शीर्षकात एकदा दिले, की प्रत्येक अंकनापुढे ते लिहिण्याची गरज उरत नाही.

४.४ सारांश

आलेखाचा प्रकार निवडताना अक्षाचा प्रकारही निवडला जातो. प्रवर्ग-अक्षावर संख्या केवळ नावे ठरतात. मूल्य-अक्षावर त्यांचे अंतर जपले जाते. अंकनांची सीमा, टप्पा, शीर्षक आणि एकक ही विधानाची अंगे असून त्यांची जबाबदारी आलेख काढणाऱ्याची असते.

४.५ स्वाध्याय

१. वरील आकडेवारीचे ‘लाइन’ आणि ‘स्कॅटर’ असे दोन आलेख काढा. प्रत्येकातून वाचकाला काय समजते, ते पाच ओळींत लिहा.
२. उभा अक्ष शून्यापासून आणि ३०० पासून घेऊन दोन्ही आलेखांची तुलना करा.
३. वृत्तपत्रातील एखाद्या आलेखाचे अक्ष तपासा. त्यात एकक, कालखंड आणि समान अंतर यांपैकी काय सुटले आहे, ते नोंदवा आणि अक्षांना योग्य मराठी शीर्षके सुचवा.