आधी तपासणी, मग दुरुस्ती

‘दुरुस्ती’ हा मराठी शब्द तुम्हांला परका नाही. फारसीतील ‘दुरुस्त’ हा शब्द उर्दूत आला, तसाच मराठीतही आला. दुरुस्त म्हणजे ठीक, बरोबर. अपघातानंतर मोटारसायकल खरोखर दुरुस्त झाली की नाही, हे कसे ओळखावे, ते या पाठात पाहू.

समजा, पावसाळ्यात लालबागला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मार्गावर एक मोटारसायकल घसरून दुभाजकावर आदळली. सर्वांत आधी माणसाकडे पाहावे. इंजिन बंद करून जखमीला रुग्णालयात न्यावे. परळचे के. ई. एम. रुग्णालय तेथून जवळ आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे कोणी जखमी झाल्यास चालकाने लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांच्या आत, पोलिसांना कळवावे लागते. गाडी उघडण्यापूर्वी फोटो काढावेत आणि विमा कंपनीलाही कळवावे.

गाडी गॅरेजात आली, की फुटलेला दिवा आणि टाकीला आलेला पोचा लगेच दिसतो. परंतु जिवावर बेतणारे नुकसान पुष्कळदा आत लपलेले असते. म्हणून चांगला मिस्त्री रंगाचा डबा आधी उघडत नाही.

तो गाडी डबल स्टँडवर लावून पुढचे चाक अधांतरी ठेवतो आणि हँडल सावकाश दोन्ही बाजूंना फिरवतो. हँडल मध्येच अडकले, तर कोनसेटला मार बसलेला असतो. मग तो चाक फिरवून रिमजवळ पेन धरतो. रिम पेनाच्या जवळ-दूर होत असेल, तर ती वाकली आहे. आऱ्यांवर तो पान्याने हलकेच ठोकतो. घट्ट आरा खणखणतो, सैल आरा बद्द वाजतो.

पुढे तो मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंनी दोऱ्या ताणून पुढच्या चाकापर्यंत नेतो. सरळ धरलेले पुढचे चाक दोन्ही दोऱ्यांपासून सारख्या अंतरावर नसेल, तर फोर्क किंवा चासी वाकल्याचा संशय घ्यावा. फोर्कची नळी काढून सपाट काचेवर घरंगळवली, की तिचा बाक लगेच कळतो.

वाकलेली नळी तापवून सरळ करणे स्वस्त पडते. परंतु तापवल्याने पोलाद कमजोर होऊ शकते आणि जोरात ब्रेक लावताना नळी दगा देऊ शकते. ती बदलणेच योग्य. गिरगावजवळ ऑपेरा हाउस भागात सुट्या भागांची दुकाने आहेत. आपटलेले हेल्मेटही बदलावे, कारण त्याच्या आतील थर एकदा दबला, की पुन्हा तसाच धक्का सोसत नाही.

शेवटी मोकळ्या रस्त्यावर गाडी हळू चालवून ब्रेक तपासावेत. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर काम अपुरे आहे. टाकीचा पोचा महिनाभर राहिला तरी चालेल. वाकडा फोर्क एक दिवसही चालणार नाही.

स्वाध्याय
१. अपघातानंतर सर्वांत आधी काय करावे?
२. सैल आरा कसा ओळखावा?
३. वाकलेली नळी तापवून सरळ का करू नये?
४. उर्दू व मराठीत सारखे असलेले पाच शब्द लिहा.