शंका-समाधान : समुद्रातल्या माशाला तहान लागते का?

प्रश्न : मे महिन्यात आई-वडील आणि दोन मुलांना मोठं मत्स्यालय दाखवायचं आहे. मुंबईला तारापोरवालाला जावं का? – एक पालक, मलकापूर (ता. शाहूवाडी)

उत्तर : मुंबईचा बेत सोडा. मरीन ड्राइव्हचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. २०१५ मध्ये त्याचा कायापालट होऊन आरपार दिसणारा बोगदाही आला. पण कोरोनाकाळात ते बंद झालं आणि पुढे इमारतच धोकादायक ठरली. तुम्ही सरळ आंबा घाट उतरा. साखरपा, पाली, हातखंबा करत साधारण ८५ किलोमीटरवर रत्नागिरी. तिथे कोकण कृषी विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. त्याचं मत्स्यालय लहान आहे, बोगदा-बिगदा नाही. पण शेजारच्या संग्रहालयात देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे आणि त्यापुढे मुलं गप्प होतात.

मला विचाराल तर मुलांसाठी लहानच बरं. मोठ्या ठिकाणी मागची गर्दी तुम्हाला पुढे ढकलत नेते आणि घरी आल्यावर पोरांना फक्त पॉपकॉर्न आठवतो. त्यापेक्षा प्रत्येकाने एकच टाकी निवडावी आणि तिच्यासमोर दहा मिनिटं उभं राहावं. कोण लपतो, कोण दुसऱ्याला हाकलतो, कोण तळ उकरतो, हे त्याशिवाय कळत नाही. निघण्याआधी फोन करून मत्स्यालय उघडं असल्याची खात्री करून घ्या. आणि बेत पावसाळ्यात ढकलू नका. मोठ्या पावसात घाटात दरड येते.

प्रश्न : समुद्रातल्या माशाला तहान लागते का? आमच्या कडवी नदीतला मरळ समुद्रात सोडला तर जगेल का? – इयत्ता सातवीतला वाचक, मलकापूर

उत्तर : शाब्बास! समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. समुद्री माशाच्या रक्तात त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. त्यामुळे चहूकडे पाणी असूनही त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर झिरपत राहतं, म्हणून तो समुद्र पितो. जादा मीठ कल्ल्यांतल्या खास पेशी बाहेर टाकतात आणि लघवी अगदी थोडी होते. तहान ‘लागते’ का हे त्यालाच विचारावं लागेल, पण पाणी तो पितो हे नक्की.

नदीतल्या माशाचं नेमकं उलट. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरतं. तो जवळजवळ पीत नाही, पातळ लघवी मात्र भरपूर करतो आणि कल्ल्यांतून क्षार आत ओढून घेतो. तुझ्या मरळाचं शरीर पाणी बाहेर टाकण्यासाठी घडलेलं. समुद्रात तो सुकून मरेल. हवा गिळून श्वास घेणारा, एरवी एवढा चिवट मासा, पण मिठापुढे त्याचं चालत नाही. दोन्हीकडे जगणारेही आहेत. कोकणातला जिताडा खाडीत, समुद्रात आणि गोड्या पाण्यातही राहतो.

प्रश्न : मुलं काचेवर टकटक करतात. त्याने काय एवढं बिघडतं? – एक आजी

उत्तर : पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने जातो. शिवाय माशाच्या दोन्ही कुशींवर पाण्याची हालचाल टिपणारी एक रेषा असते. मुलाची टिचकी त्याला ऐकूही येते आणि अंगावरही जाणवते. आणि पळायला टाकीबाहेर जागा नाही. फ्लॅशचंही तेच, माशाला पापण्या नसतात. जाता जाता : सपाट काचेतून मासा असतो त्याच्या तीन-चतुर्थांश अंतरावर भासतो, म्हणून मोठा वाटतो. नातवंडांना हे अवश्य सांगा.

प्रश्न : परतताना भाट्याच्या किनाऱ्यावरून शंखातला खेकडा बाटलीतून घरी आणला तर? – तेच पालक

उत्तर : आणू नका. बाटलीतलं पाणी गाडीत तापतं आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. त्यात खेकडा अंगाबाहेर टाकतो तो अमोनिया साठत जातो. मत्स्यालयात हा अमोनिया गाळणीतले जिवाणू आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करून निस्तरतात. नव्या टाकीत ते जिवाणू वाढायलाच काही आठवडे लागतात. घरच्या नळाच्या पाण्यात मीठ कालवून तर मुळीच भागत नाही. रिकामे दिसणारे शंखही उचलू नका, या खेकड्यांना वाढत्या अंगासाठी मोठं घर त्यांतूनच मिळतं. ओहोटीची वेळ पाहून जा, खेकडा तळहातावर घ्या, मुलांना दाखवा आणि होता तिथेच सोडा.