साधनकेरीची दोन भाषांची वस्ती



आपल्यापैकी अनेकांचे आईवडील कामासाठी रोज धारवाडहून हुबळीला जातात. घरी मराठी, बसमध्ये कन्नड! ही सवय येथे जुनीच आहे.

शाल्मला नदी धारवाडात सोमेश्वर मंदिरापाशी उगम पावते. याच गावातील साधनकेरीच्या नावात कन्नड 'केरे', म्हणजे तळे आहे. तळ्याकाठच्या या वस्तीत कवी द. रा. बेंद्रे राहत. जन्म १८९६ चा, धारवाडचाच. घरची भाषा मराठी, कविता मात्र कन्नड. 'नाकु तंती'साठी १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. गंगूबाई हनगल यांच्या घरी कन्नड. त्या हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे गाणे शिकायला जात, आणि हे कानडी गुरुजी मराठी रंगभूमी गाजवून आलेले!

इतिहासाचे एक पान आम्ही वर्गात मुद्दाम शिकवितो. एकोणिसाव्या शतकात येथील शाळा-कचेऱ्यांत मराठीचा जोर होता. कन्नड मागे पडते म्हणून रा. ह. देशपांडे प्रभृतींनी १८९० मध्ये कर्नाटक विद्यावर्धक संघ स्थापिला. आज पारडे फिरले आहे. आपली कितीतरी मुले मराठी बोलतात, पण आजीचे पत्र त्यांना वाचता येत नाही. त्या वेळच्या कन्नड पालकांची काळजी आता आपल्याला कळावी.

सुटीचा अभ्यास : अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द कन्नडमधून आले असे अभ्यासक सांगतात. असे आणखी दहा शब्द आजी-आजोबांना विचारून देवनागरीत लिहून आणावेत. शुद्धलेखनाचे गुण कापणार नाही.