चेलो शिकायचाय, पण गावात शिक्षक नाही

प्रश्न : माझी मुलगी सात वर्षांची आहे. तिला चेलो शिकायचाय. इथे शिक्षक नाही. सुरुवात कशी करू?
– एक आई, दोंडाईचा

उत्तर : ताई, आधी माप बघा. या वयाला बहुधा पाव मापाचा चेलो लागतो. कपड्यासारखा वाढत्या अंगाचा घेऊ नका, बोटं ताणली जातात. दोन्ही पावलं जमिनीवर टेकतील असं स्टूल द्या.

पहिले काही आठवडे गज बाजूला ठेवून तारा बोटांनी छेडू द्या. सी, जी, डी, ए या तारांत शेजारच्या दोघींचं नातं सा-पचं असतं. ते तंबोऱ्यावर गाऊन घ्या, कान तयार होईल. मग गज धरताना अंगठा वाकलेला, हात सैल. रोज पंधरा मिनिटं पुरेत.

शिकवणी ऑनलाइन चालेल, पण अधूनमधून मुंबई-पुण्याला नेऊन गजाची पकड समोरासमोर तपासून घ्याच. चेलोवादक सास्किया राव-द हास यांनी रागसंगीतासाठी पाच मुख्य तारा आणि तरफांचा लहान चेलो घडवला. त्या तो जमिनीवर बसून वाजवतात. मुलीला तो जरूर ऐकवा.

आपल्या खानदेशी उन्हाळ्यात लाकूड तडकतं. वाद्य पेटीत, कूलरच्या झोतापासून दूर ठेवा.